सहाच शब्द

डॉक्टरांनी दहा शब्द सांगितले आणि ओजसने पाच परत दिले. एवढंच झालं. बुधवारची दुपार, वेस्टमीड स्टेशनपासून सात मिनिटांवरचं एक खासगी क्लिनिक, खिडकीखाली कार पार्क आणि त्यात जागा शोधत गोल गोल फिरणाऱ्या गाड्या. खोलीत आम्ही चौघं होतो. डॉक्टर, माझा मुलगा ओजस, त्याची बायको सुखदा आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी, दत्तप्रसाद, वय अडुसष्ट, सोबतीला आलेला. सोबतीला आलेल्या माणसाला काही काम नसतं, म्हणून मी मनातल्या मनात शब्द धरून ठेवले होते. बकेट, ऑरेंज, ब्रिज, कोट, मिरर, टायगर, लॅडर, सॉल्ट, रिव्हर, बटन. ओजस म्हणाला, बकेट, ऑरेंज. मग थांबला. मग म्हणाला, सॉल्ट, रिव्हर, बटन. मधले पाच गेले. डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी टिपलं आणि सुखदाने पर्सचा पट्टा घट्ट धरला. माझी नजर मात्र ओजसवरून हलेना, कारण मधले शब्द गाळायचे हे त्याला मीच शिकवलं होतं.

पहिले दोन आणि शेवटचे काही शब्द सगळ्यांनाच आठवतात, मधले सोडले तर कुणाला संशय येत नाही, हे मी त्याला क्वेकर्स हिलच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलापाशी बसवून समजावलं होतं. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. आज चौतीस आहे. पण तेव्हा ठरलं होतं की सहा सांगायचे. पाच नाही, सात नाही, सहाच. आणि सांगण्याआधी जरा छताकडे बघायचं, आठवायला त्रास होतोय असं दिसलं पाहिजे. आज त्याने छताकडे पाहिलं नव्हतं. त्याने माझ्याकडे पाहिलं होतं, लहानपणी तोंडी परीक्षेत बाईंच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायचा तसं. मी स्वतःला सांगितलं, अरे, सवयीने करत असेल. इतकी वर्षं केलेली गोष्ट, अंगात मुरते. नाटकच असेल. बापाने मुलाबद्दल असली आशा धरावी, की तो डॉक्टरांशी खोटं बोलत असू दे, त्याला खरंच विसरायला होत नसू दे! पण धरली खरी.

तो इथला हा फुटबॉल खेळायला लागला त्यात माझा काही हात नव्हता. आमच्या भागात सगळे रग्बीवाले, नाहीतर आपली क्रिकेटवाली मंडळी. शाळेत एकदा दुपारी कुणीतरी तो लांबुळका चेंडू घेऊन आलं, पोरांना लाथा मारायला लावल्या, आणि नऊ वर्षांचा ओजस घरी आला तो गुडघा सोलून आणि डोळे चमकवत. मला नियम समजायला दोन वर्षं लागली. लंबगोल मैदान, एका बाजूला अठरा माणसं, कुणी कुणाला कुठूनही येऊन धडकावं. त्यातली एक गोष्ट मला अजून बघवत नाही. चेंडू उंच उडालेला असतो, खेळाडू तो डोक्यावर झेलायला मागे मागे पळत जातो, नजर वर, आणि समोरून त्याच चेंडूवर दुसरे दोघं-तिघं पूर्ण वेगाने येत असतात. मागे पळणाऱ्याला ते दिसत नाहीत. येताहेत हे माहीत असतं. तरीही जो मान वळवून बघत नाही त्याला हे लोक शूर म्हणतात. ओजसने अकरा वर्षांत एकदाही मान वळवली नाही. मी तर नाकासमोर चालणारा माणूस, रस्ता ओलांडतानासुद्धा तीनदा बघणारा. हा गुण त्याने कुणाकडून उचलला कोण जाणे.

अठराव्या वर्षी मेलबर्नच्या एका क्लबने त्याला उचललं आणि पहिल्याच मोसमात त्याचं कॉलरबोन मोडलं. मग मांडीचा स्नायू. मग डाव्या गुडघ्याचा लिगामेंट, वर्षभर घरी. मग बोटं, बरगड्या, खांदा दोनदा निखळला, दुसऱ्यांदा तर त्याने मैदानातच बसवून घेतला आणि उठून पळाला. त्या दिवशी टीव्हीवर त्याचं नाव इतक्यांदा घेतलं की मीनाक्षी, म्हणजे माझी बायको, देवाला दिवा लावायला उठली. गिरावीनच्या गणपतीत त्याला स्टेजवर बोलावलं तेव्हा मंडळातला आमचा कुमार माइकवरच म्हणाला, "दत्ता, पोरगा हाडामांसाचा आहे की प्लास्टरचा?" सगळे हसले, मीही हसलो, आणि खोटं कशाला सांगू, छाती फुगली. इथे आलो तेव्हा मला नावाने ओळखणारी चार माणसं नव्हती. आता वाण्याकडे कोथिंबीर घ्यायला गेलो तरी लोक विचारायचे, काका, ओजी शनिवारी खेळतोय ना? त्या प्रश्नाची मला चटक लागली होती. अकरा मोसमांत तो शंभर सामनेसुद्धा खेळू शकला नाही. बाकीचे शनिवार मी लोकांना "नेक्स्ट वीक" एवढंच सांगत असे.

हाडं दिसतात. मोडली तर फोटोत दिसतात, जुळली तरी दिसतात. डोक्याचं तसं नाही. विसाव्या वर्षी त्याला दुसऱ्यांदा डोक्याला मार बसला आणि क्लबच्या डॉक्टरांनी तीन आठवडे बसवलं. मोसम सुरू होण्याआधी प्रत्येकाची एक परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवणं, आकडे उलटे म्हणणं, महिने डिसेंबरपासून मागे म्हणणं. ती त्या माणसाची त्या मोसमाची बेसलाइन, दर वर्षी नवी, मागची कुणी काढून बघत नाही. पुढे डोक्याला मार लागला की तीच परीक्षा परत घ्यायची आणि आधीच्या गुणांशी ताडून बघायचं. खाली आला तर बाहेर. ओजसची गंमत अशी की तो पहिल्यांदा दहापैकी दहा सांगायचा. नुसते नाही, उलटेही सांगायचा. त्याच्याकडून मी तिसापर्यंतचे पाढे घोकून घेतले होते. रोज संध्याकाळी, शाळेचा युनिफॉर्म न बदलता. तेव्हा मार लागल्यावर त्याला आठ आठवले, आणि आठ म्हणजे दोनाने घसरला. त्याच्या संघातला एक धटिंगण मुळातच सहा सांगायचा, मार लागल्यावरही सहाच, आणि तो पुढच्या शनिवारी मैदानात. ओजसची जागा गेली. ख्रिसमसच्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा टेबलापाशी बसून रडला. "बाबा, सगळे बेसलाइन मुद्दाम खराब देतात. मला जमत नाही यार. आय जस्ट रिमेंबर देम." त्याने ते गाऱ्हाणं म्हणून सांगितलं होतं. मी ते आव्हान म्हणून ऐकलं.

शहाण्णव गुण आले तरी चार गेले कुठे म्हणून विचारणारा बाप मी. आता मी त्याला गुण घालवायला शिकवायला बसलो. आणि शिकवायचं म्हटल्यावर मला दुसरं काही येत नाही, अगदी रीतसर शिकवलं. शब्दांच्या याद्या केल्या. घड्याळ लावलं. इथला भर उन्हाळा, बाहेर चाळीस डिग्री, मीनाक्षी पन्ह्याचे ग्लास आणून ठेवायची आणि म्हणायची, "काय चाललंय बापलेकांचं?" मी म्हणायचो, "मेमरीची प्रॅक्टिस." ते खोटं नव्हतं. फार खाली जायचं नाही, नाहीतर परत घेतील. महिने उलटे म्हणताना ऑगस्टपाशी अडखळायचं, जुलै गाळायचा, मग "सॉरी" म्हणून परत घ्यायचा. आकडे चारपर्यंत बरोबर, पाचव्याला चूक. पहिल्या दिवशी त्याला हसू आवरेना. सहा शब्द सांगून तो गप्प बसायचा आणि उरलेले चार त्याच्या ओठांवर आलेले मला दिसायचे. मी म्हणायचो, "गिळ ते." चौथ्या दिवशी त्याला छान जमायला लागलं. पुढे दर जानेवारीत आम्ही उजळणी करायचो. नऊ वर्षं. बापलेक इतके जवळ बसून काही करत होतो ते तेवढंच, आणि मला ते दिवस आवडायचे.

सत्तावीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढली. सकाळच्या शिफ्टला गेलं की आधी कंट्रोल चालवायचा. म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना मशीनला द्यायचा. मशीनने तेच उत्तर दिलं तरच पेशंटचं रक्त लावायचं. एकदा कंट्रोल केसभर सरकलेला दिसला म्हणून मी सकाळभराचे सगळे रिपोर्ट अडवून धरले होते. वॉर्डातून फोनवर फोन, साहेब लाल झाले, पण मी हललो नाही. मापायची पट्टीच चुकीची असेल तर पुढचं सगळं मापन खोटं, हे मी नव्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगायचो. आणि तोच मी घरी येऊन स्वतःच्या मुलाची पट्टी कातरत बसलो होतो. मला तेव्हा हे सुचलं नाही असं म्हणण्यात अर्थ नाही. सुचलं होतं. मी शनिवारचा सामना त्याहून मोठा मानला.

"आता महिने उलटे म्हणशील?" डॉक्टरांनी विचारलं. पन्नाशीच्या बाई होत्या, शांत, चष्मा साखळीला लावून गळ्यात टाकलेला. ओजसने सुरुवात केली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. ऑगस्टपाशी तो अडखळला. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, शाब्बास, नाटकच आहे, पठ्ठ्या विसरलेला नाही. मग तो म्हणाला जून. मी मनात म्हणालो, आता सॉरी म्हण. आता परत घे. तो मे म्हणाला, एप्रिल म्हणाला, जानेवारीपर्यंत गेला आणि हसून डॉक्टरांकडे पाहिलं. पूर्ण झालं म्हणून. जुलै गाळला हे त्याला माहीत नव्हतं. मला एकदम तहान लागली.

त्याला इथे आणलं होतं सुखदाने. खरं म्हणजे दोघांची तडजोड झाली होती. ओजसला परत खेळायचं होतं. मोठा खेळ पाच वर्षांपूर्वीच सुटला, आता घराजवळच्या एका क्लबात, रविवारच्या लीगमध्ये, फक्त एक मोसम. "स्पृहाने मला कधी खेळताना पाहिलं नाही, बाबा," असं मला म्हणाला होता. स्पृहा, त्याची मुलगी, सहा वर्षांची आहे. त्याचा इतिहास ऐकून क्लबने तज्ज्ञांचं पत्र मागितलं. सुखदा म्हणाली, पत्र घेऊ, पण नीट तपासणी करूनच. ती नर्स आहे, आवाज चढवत नाही. मला मात्र तिने स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, "बाबा, गेल्या आठवड्यात तो स्पृहाला शाळेतून आणायला दोनदा गेला. एकदा घरी आणून झाल्यावर. ती सोफ्यावर कार्टून बघत होती. गेट बंद बघून त्याने मला फोन केला, स्पृहा कुठाय म्हणून. आवाज असा होता की..." मी म्हणालो, "दमला असेल." घरातला एकमेव माणूस, ज्याला माहीत होतं, तो म्हणाला दमला असेल.

मला तो सत्ताविसाव्या वर्षीचा सामना आठवतो. आम्ही दोघं मेलबर्नला गेलो होतो, मीनाक्षी आणि मी, खास. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो नेहमीसारखा मागे मागे पळत गेला आणि समोरच्याचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला तेव्हा हात हवेत तसेच ताठ राहिले होते. मीनाक्षीने माझ्या दंडात नखं रोवली. त्याला आत नेलं, परीक्षा घेतली. वीस मिनिटांनी तो धावत बाहेर आला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. त्याने सहा शब्द सांगितले असणार. किंवा पाच. मलाच ठाऊक होतं की त्याची खरी घसरण दहावरून झालेली आहे. वर बसलेल्या हजारो माणसांत एक माणूस धावत खाली जाऊन सांगू शकत होता की याला बाहेर काढा. मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याला परत लागलं. रात्री त्याला उलट्या झाल्या, तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मीनाक्षी म्हणत होती की मैदानावरचं काहीतरी खाल्लं असेल.

डॉक्टर म्हणाल्या की मागचे रिपोर्ट मागवले होते, ते प्रिंट करून आणते. त्या बाहेर गेल्या. सुखदाचा फोन वाजला, स्पृहाच्या शाळेचा होता, तीही दार ओढून बाहेर गेली. आम्ही दोघंच उरलो. मी खुर्ची पुढे सरकवली. त्याचं नाक दोनदा मोडलेलं, उजव्या भुवईत टाक्यांची रेघ, हाताची दोन बोटं आता सरळ होत नाहीत. पण बसायची पद्धत तीच, पाचवीतली, गुडघ्यांवर हात.

"ओजस," मी हळूच म्हणालो, "ऑगस्टपाशी मुद्दाम थांबलास ना?"

"काय?"

"जानेवारीत आपण करायचो तसं. टेबलापाशी बसून."

तो आठवायला लागला. या वेळी त्याने खरंच छताकडे पाहिलं. "जानेवारीत... क्रिकेट बघायचो ना? टेस्ट मॅच." मग त्याचा चेहरा उजळला. "आणि आई ते ग्रीन मँगोचं करायची, काय ते... पन्हं! मस्त असायचं यार. आता का नाही करत ती?"

"आणि शब्द? मी तुला शब्द द्यायचो."

"कसले शब्द, बाबा?"

त्याला पन्हं आठवत होतं, टेबल आठवत होतं, आणि त्या टेबलावर मी जे केलं ते पुसून गेलं होतं. आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. त्या क्षणी मला आधी हायसं वाटलं. आता हे जगात फक्त मला माहीत आहे. मी मूग गिळून बसलो तर कुणीच कधी विचारणार नाही. मीनाक्षीला कळणार नाही, सुखदाला कळणार नाही, कुमारला तर नाहीच. असं दोन-तीन श्वास चाललं असेल. मग त्या हायसं वाटण्याचीच मला किळस आली.

डॉक्टर परत आल्या, मागोमाग सुखदा. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरांनी समजावलं. सांगण्यासारखं फार वाईट काही नाही. मिळालेली सगळ्यात जुनी, तेरा वर्षांपूर्वीची बेसलाइन सहा, आजचे पाच. महिन्यांतली अडखळ तेव्हाही होती. "त्याची स्मरणशक्ती मुळातच साधारण आहे," त्या अगदी चांगुलपणाने म्हणाल्या, "आणि ती बऱ्यापैकी टिकून आहे. शाळेचं जे झालं ते झोप आणि ताण यांमुळे असू शकतं." सुखदाने इतका मोठा सुस्कारा टाकला की तिचे खांदे दोन इंच खाली आले. ओजसने मूठ हलवली, गोल झाल्यावर हलवतात तशी. डॉक्टरांनी पत्र पुढे ओढलं. रविवारच्या लीगमध्ये खेळायला हरकत नाही. पेनचं टोपण निघालं.

"ते सहा खोटे आहेत," मी म्हणालो.

माझं इंग्रजी या देशात एकोणतीस वर्षांत कधी इतकं स्वच्छ निघालं नव्हतं. मी सगळं सांगितलं. याद्या, घड्याळ, मधले शब्द, ऑगस्ट, नऊ जानेवाऱ्या. म्हणालो, मी लॅबचा माणूस आहे, मला कळत होतं मी काय करतोय. त्याचे खरे दहा होते. दहापैकी दहा, आणि उलटे.

मग ओजस हसला, प्रेमाने, आणि डॉक्टरांना म्हणाला, "नो, नो. माय डॅड? तो मला मार्क घालवायला शिकवेल? ही मेड मी क्राय ओव्हर नाइंटी-सिक्स, मेट." मग माझ्याकडे वळून, "बाबा, काय बोलतोयस तू? असं काही नव्हतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "दत्ता, तुम्हाला अलीकडे गोष्टींची सरमिसळ होते का? घरी कुणाच्या लक्षात आलं आहे का?"

एवढं बोलून झाल्यावर मला सुटायला एक दार उघडं होतं. वय अडुसष्ट. हो म्हणालो असतो तर सगळ्यांनी मला सांभाळून घरी नेलं असतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बोलली ती सुखदा. डॉक्टरांकडे बघत, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून.

"ते खरं सांगताहेत. आम्ही भेटलो तेव्हा माझं चार आठवड्यांचं रोस्टर त्याला तोंडपाठ असायचं. सगळ्या शिफ्ट्स. मी एकदाच वाचून दाखवायचे. सहा शब्दांचा माणूस नव्हता हा." मग ती मराठीत म्हणाली, माझ्याकडे न बघता, "मला वाटलं होतं लग्न झाल्यावर त्याचं माझ्याकडे लक्ष राहिलं नाही. मी त्याच्याशी किती भांडले, बाबा."

डॉक्टरांनी पत्र फाइलच्या खाली सरकवलं. सहीचा आता प्रश्नच नव्हता. स्कॅन, पुढच्या तपासण्या, आणि तोपर्यंत गाडी चालवायची नाही, असं काहीतरी त्या बोलत होत्या. सुखदा एकीकडे लिहून घेत होती आणि एकीकडे डोळे पुसत होती. दहावरून पाच. मी आयुष्यभर जे आकडे वाचले त्यात इतका सोपा आकडा कधी वाचला नसेल. मला वाटलं ओजस चिडेल. चिडावा असं फार वाटलं. त्याने उठून मला धक्का मारला असता तर मी त्याच्या पाया पडलो असतो. पण त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली आणि तो वाकडी बोटं असलेला जड हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"रडू नको ना, बाबा. पाच कमी आहेत, आय नो. परत देतो मी. या वेळी दहाच्या दहा आणतो, प्रॉमिस."

तो चेष्टा करत होता की खरंच बोलत होता, हे मला कळलं नाही. त्याने डोळे मिटले. ओठ हलायला लागले, आणि थांबले. मग त्याने डोळे उघडले आणि अगदी हळू, डॉक्टरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, माझ्या कानाशी विचारलं, "पहिला कुठला होता? फक्त पहिला सांग, पुढचे मी म्हणतो."

"बकेट," मी म्हणालो.

"बकेट," तो म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला.